सगळंच टिपलं जातं, मग त्याचं करायचं काय? (तरल स्वभाव, आतला आवाज आणि आपलं काम)

रेघाळ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच आहे तर सगळं लिहून काढते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. मुखपृष्ठं, आतली रेखाटनं, बारा वर्षं झाली. आणि लहानपणापासून जिच्याबद्दल "फार हळवी आहे हो" असं बोललं जातं ती मी. कोणी खोलीत आलं की त्याचं काहीतरी बिनसलंय हे त्यानं तोंड उघडायच्या आधी मला कळलेलं असतं. ट्यूबलाइटचा तो बारीक गुणगुणाट इतरांच्या कानावरही येत नाही आणि मला त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. कॉलरमागचं लेबल टोचतं म्हणून शर्ट घालायच्या आधी ते कापते. कोणी सहज टाकलेलं वाक्य रात्री दीड वाजता परत ऐकू येतं, त्याच आवाजात. पण मग हेही आहे की भिंतीवर संध्याकाळचा उजेड तिरका पडला की माझा हात थांबतो, आणि आजवर जे काही बरं काढलंय ते असल्याच थांबण्यातून आलंय.

मधली सहा वर्षं एका ठिकाणी नोकरी केली. मोठा हॉल, चाळीसेक जण, मध्ये भिंती नाहीत, कोणाचा फोन, कोणाचं हसणं, दर दहा मिनिटांनी "जरा हे बघतेस का". काम आवडायचं, माणसंही चांगली होती, पण घरी आल्यावर मी दिवा न लावता तासभर नुसती पडून राहायचे. वरिष्ठांनी एकदा समजावलं, अगदी मायेनं, की या क्षेत्रात टिकायचं तर मन घट्ट करायला शीक. मी ते मनावर घेतलं आणि पुढची तीन वर्षं खरंच शिकले. लावून घ्यायचं नाही, निरखून बघायचं नाही, कान बंद. जमलं. आणि त्या तीन वर्षांतली चित्रं आज बाहेर काढते तर रेषा सफाईदार आहे, मापं चोख आहेत, आणि एकाही माणसाच्या चेहऱ्यावर काहीच घडत नाहीये. त्रास नको म्हणून जी खिडकी लावून घेतली, उजेड पण तिथूनच येत होता.

दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली. आता घरून काम करते आणि ठरवलंय की हा स्वभाव मोडायचा नाही, त्याला धरूनच काम उभं करायचं. त्यात दोन ठिकाणी अडते.

पहिलं म्हणजे दिवस कसा लावायचा, कारण घरी बसूनसुद्धा दुपारपर्यंत डोकं भरून जातं. दुसरं जास्त अवघड आहे. आतून जे वाटतं ते कधी ऐकायचं? मागच्या वर्षी एका पुस्तकाचं मुखपृष्ठ मी जवळजवळ रिकामं ठेवलं, करडा रंग आणि खाली कोपऱ्यात एक चप्पल, बस. सगळे नको म्हणत होते, मला मात्र आतून पक्कं माहीत होतं, आणि ते बरोबर ठरलं, लेखिका ते बघून रडली. त्यानंतर तीन महिन्यांनी एक मोठं काम आलं, तितक्याच पक्केपणानं आतून "नको" आलं, मी नाही म्हटलं. ते पुस्तक आता दुसऱ्या कोणाच्या चित्रांसह आलंय आणि ते बघताना मला स्वच्छ कळलं की तो आतला आवाज वगैरे काही नव्हता, मी घाबरले होते. दोन्ही वेळा ते वाटणं छातीच्या खाली त्याच जागी होतं! मग ओळखायचं कसं?

निळीशाई

खिडकीचं वाक्य वाचून थांबले. मी कविता लिहिते आणि मीही दोन वर्षं खिडकी लावून बसले होते. उत्तर माझ्याकडे नाही पण धागा वाचत राहीन.

अर्धविराम

रेघाळ, छान मांडलंयत. मी भाषांतर आणि संपादन करतो, त्यामुळे शब्द नीट वेगळे करायची सवय आहे, तेवढंच करून बघतो.

तुम्ही जे वर्णन केलंयत त्याला मानसशास्त्रात नाव आहे, सेन्सरी प्रोसेसिंग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बाहेरून आलेलं आत घोळवण्यातली संवेदनशीलता. इलेन आणि आर्थर अॅरन या दोघांनी १९९७ साली यावर शोधनिबंध लिहिला आणि २७ प्रश्नांची एक मोजपट्टी दिली. त्यांचं म्हणणं असं की काही माणसांची मज्जासंस्था बाहेरून येणारं सगळं जास्त खोलवर घोळवते. म्हणजे कान जास्त तीक्ष्ण असतात असं नाही, कानावर आलेल्या गोष्टीवर आत जास्त काम होतं. म्हणून बारीकसारीक टिपलं जातं, म्हणून भावना चटकन हलतात, आणि म्हणूनच लवकर थकायलाही होतं, कारण काम जास्त झालेलं असतं. हे सगळं एकाच गोष्टीतून येतं. यातलं थकणं तेवढं काढून टाकू आणि टिपणं ठेवू असं होत नाही, तुमच्या त्या तीन वर्षांत तुम्ही नेमका तोच प्रयत्न केलात.

हा आजार नाही, निदानांच्या यादीत हे नाव नाही. लाजाळूपणाही नाही, अॅरन यांच्या अंदाजानं असल्या माणसांतले सुमारे ३० टक्के चांगले माणसांत रमणारे असतात. सुरुवातीला १५ ते २० टक्के लोक असे असतात असं म्हणायचे. २०१८ साली मायकेल प्लूस यांच्या गटानं बघितलं तर सरळ तीन थर निघाले, सुमारे ३१ टक्के जास्त संवेदनशील, ४० टक्के मधले आणि २९ टक्के कमी. म्हणजे कोणी एक वेगळी जमात आहे असं नाही, सगळे एकाच पट्टीवर आहेत, आपण एका टोकाला. जुळ्या मुलांवरचा अभ्यास आहे, त्यात माणसामाणसांतल्या या फरकाचा सुमारे ४७ टक्के भाग आनुवंशिक निघाला. उरलेला अर्ध्याहून थोडा जास्त भाग आपापल्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचा.

आता माझा मुद्दा. हा स्वभाव आणि आतला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या प्रश्नात त्या एक झाल्यात. स्वभाव निम्माशिम्मा तरी जन्माबरोबर येतो. आतला आवाज कामातून तयार होतो. त्यावर सविस्तर रात्री लिहितो.

कोरडवाहू

थोडं वेगळं मत, राग मानू नका. मला या शब्दांची भीती वाटते. एकदा माणूस स्वतःला "मी संवेदनशील" म्हणायला लागला की त्याच्या कामावर कोणी बोलायचं नाही, डेडलाइन विचारायची नाही, असं होतं. एका नाटकाच्या गटात मी हे जवळून बघितलंय, एका माणसाच्या तरलपणाभोवती बाकी दहा जण चवड्यांवर चालत होते, आणि त्या दहांतही संवेदनशील लोक होतेच की, त्यांचं कोण बघणार? स्वभाव खरा असेल, पण त्याची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मागचाआवाज

मी फिल्मचा आवाज संपादित करतो. पहिल्या प्रश्नाचं थोडं सांगू शकतो.

आमच्याकडे प्रत्येक जागेची शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवतात, कोणी बोलत नसताना अर्धा मिनिट. रूम टोन म्हणतात. नवीन मुलांना वाटतं रिकाम्या खोलीत कसला आवाज, पण ते नसलं की दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडल्यासारखं होतं, प्रेक्षकाला काय बिघडलं ते सांगता येत नाही पण तो सिनेमातून बाहेर येतो. मला हे रूम टोन लहानपणापासून ऐकू येतात आणि तेव्हा त्याचा फक्त त्रास होता, आज त्यावर माझं काम चालतं. पण एक गोष्ट मी मार खाऊन शिकलो, कान दमतो. आणि दमलेला कान दमलोय असं सांगत नाही! तो चुकीचं सांगतो, तेवढ्याच खात्रीनं सांगतो. रात्री अकराला अप्रतिम वाटलेलं मिक्सिंग सकाळी कर्कश असतं. म्हणून माझे काही नियम आहेत. पहिल्यांदा ऐकणं एकदाच मिळतं, त्यामुळे नवीन दृश्य पहिल्यांदा ऐकताना थांबवायचं नाही, जिथे अंग जरा हललं तिथली वेळ नुसती लिहून ठेवायची, कारण शोधायचं नाही. कारण दुसऱ्या फेरीत. हे सकाळीच करायचं, फोन न बघता, कोणाशी न बोलता. दुपारनंतर आवाज साफ करणं, फाइलींना नावं देणं, पाठवापाठवी, जिथे निवड करायची नसते असलं काम. आणि दर तासाला दहा मिनिटं कानाला काहीच द्यायचं नाही, गाणंसुद्धा नाही.

रेघाळ, तुझं दुपारपर्यंत डोकं भरतं म्हणतेस, तर सकाळी त्यात काय काय जातं ते एक आठवडा लिहून बघ. माझ्या बाबतीत अर्धं पोट मेसेजनीच भरत होतं.

आणि कोरडवाहू, तुमचं पटतंय. मी इअरप्लग माझ्या खिशात ठेवतो, दहा जणांना गप्प बसवत नाही.

चाकावरची

मी मातीची भांडी करते, चाकावर. पंचवीस वर्षं झाली. लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहिते.

आतून कळणं म्हणजे काय हे मला हातानं माहीत आहे. गोळा चाकाच्या बरोब्बर मध्यावर बसला नसेल तर तळव्याला थरथर लागते, डोळ्याला दिसायच्या आधी. भांडं वर ओढताना आतलं बोट आणि बाहेरचं बोट यांच्या मध्ये भिंत किती उरलीय ते कळतं. नवीन मुलं म्हणतात तुम्हाला कसं कळतं हो, काहीतरी देणगीच आहे. देणगी बिणगी नाही. माझ्या गुरूंनी पहिलं वर्षभर मला एकही भांडं ठेवू दिलं नाही. भांडं झालं की विचारायचे, बुडाशी किती जाड आहे? मध्ये किती? ओठाशी? मी सांगायचं, आणि मग ते तारेनं भांडं मधोमध उभं कापायचे. दोन अर्धी समोर. मी म्हटलेलं आणि खरं असलेलं, दोन्ही तिथेच. मला रडू यायचं प्रत्येक वेळी, मी पण हळवीच, पण वर्षाच्या शेवटी बोटं खरं बोलायला लागली होती.

रेघाळ, तू तुझी भांडी कापून बघतेस का?

अर्धविराम

चाकावरची ताई, मी रात्री जे लिहिणार होतो ते तुम्ही तारेनं कापून दाखवलंत. तरी माझ्या बाजूनं थोडी भर घालतो.

माणूस निर्णय कसे घेतो याचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी अंतःप्रेरणेबद्दल, म्हणजे याच आतल्या आवाजाबद्दल, १९९२ मध्ये लिहिलं की ती म्हणजे ओळखणं, त्याहून कमीही नाही आणि जास्तही नाही. समोरच्या प्रसंगात एक खूण असते, ती खूण आठवणीत साठलेलं काहीतरी वर आणते, आणि उत्तर येतं. कसं आलं ते आपल्याला दिसत नाही एवढंच. संपादन करताना मी समासात आधी नुसतं प्रश्नचिन्ह काढतो, वाक्यात काय खटकलं ते कधी कधी दहा मिनिटांनी सापडतं, पण खटकलेलं असतं हे नक्की. ते हजारो वाक्यांचं साठणं आहे.

मग भरवसा कधी ठेवायचा? डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघं या विषयात विरुद्ध बाजूंचे, कानेमन आतल्या आवाजाच्या चुका दाखवणारे, क्लाइन अग्निशमन दलातल्या अनुभवी लोकांचे झटपट आणि अचूक निर्णय अभ्यासणारे. दोघांनी मिळून २००९ साली एक निबंध लिहिला आणि बऱ्याच गोष्टींवर त्यांचं एकमत झालं. दोन अटी त्यांनी सांगितल्या. ज्या क्षेत्रात तुम्ही आहात तिथे काहीतरी नियमितपणा असला पाहिजे, आणि तो शिकायची, म्हणजे आपण चुकलो की बरोबर होतो हे वेळेवर कळायची, भरपूर संधी मिळालेली असली पाहिजे. आणि आपल्याला आतून किती खात्री वाटते हा काही पुरावा धरता येत नाही. रेघाळ, तुमचं ते छातीखालचं एकाच जागी वाटणं म्हणजे हेच.

आणखी एक आठवलं. गणितज्ञ आन्री प्वाँकारे यांना एका विषयावर बरेच दिवस झगडून, मग तो विषय डोक्यातून गेलेला असताना, प्रवासात घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता उत्तर सुचलं, हा किस्सा सगळे सांगतात. पुढचं वाक्य कोणी सांगत नाही. त्यांना त्या क्षणी पूर्ण खात्री होती, तरी घरी परतल्यावर त्यांनी ते निवांतपणे पडताळून पाहिलं. १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलस यांनी निर्मितीचे चार टप्पे मांडले, तयारी, मुरणं, चमकणं आणि पडताळणं. आपण सगळे तिसऱ्याच्या प्रेमात असतो.

दारामागे

इथे पहिल्यांदाच लिहितेय. कथा लिहिते, फारशा छापलेल्या नाहीत.

तुम्ही सगळे टिपण्याबद्दल किती प्रेमानं बोलताय. माझं टिपणं वेगळ्या जागेतून आलंय. लहानपणी जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून मला कळायचं आजची संध्याकाळ कशी जाणार आहे. किल्ली किती जोरात फिरली, बॅग ठेवली की टाकली. ते चुकून चालणार नव्हतं. अजूनही मी कुठल्याही खोलीत शिरले की आधी कोण रागावलंय ते शोधते आणि मला कोणीतरी सापडतंच. लोक म्हणतात तू माणसं किती छान वाचतेस, कथेतले संवाद किती खरे. पण मला माहीत नाही हे माझा स्वभाव आहे की भीती आहे, आणि भीती असेल तर ती गेल्यावर माझं लिहिणं पण जाईल का.

निळीशाई

दारामागे, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही एकट्या नाही आहात.

षड्ज

मी वयानं बराच मोठा आहे, गाणं शिकवतो. दारामागे, मुली, तुझ्यासाठी आधी लिहितो.

भीतीनं शिकलेला कान असतो, मी स्वतः तो घेऊन शिकायला आलो होतो. गुरूंच्या श्वासावरून मला कळायचं की आता रागावणार, आणि त्या नादात त्यांनी लावलेला गंधार माझा ऐकायचा राहून जायचा. कान तोच होता, तो फक्त एकाच गोष्टीच्या पहाऱ्यावर बसवलेला होता. पहारा उठला तेव्हा कान गेला नाही, उलट त्याला बाकीचं ऐकायला सवड मिळाली. तुझ्या बाबतीत तो पहारा उठवायला समुपदेशकाची मदत लागली तर जरूर घे, त्यात कमीपणा नाही, आणि लिहिणं जाईल ही भीती त्यांनाच पहिल्या भेटीत सांग.

आता सगळ्यांसाठी. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली एक सुती दोरा असतो. तो केसभर पुढे, केसभर मागे करत जायचं, आणि एका जागी तार उमलते, एका स्वरात कितीतरी स्वर ऐकू यायला लागतात. नवीन विद्यार्थ्याला मी दोन्ही ऐकवतो, त्याला फरक कळत नाही. दोन वर्षांनी कळतो. तिसऱ्या वर्षी त्याला न उमललेली तार सहन होत नाही. म्हणजे संवेदनशीलतासुद्धा शिकून वाढते, आणि रियाजानं ती नेमकी होते. सगळंच टोचायचं ते कमी होऊन हवं तेच टोचायला लागतं.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात याला फार सुंदर शब्द आहेत. अभिनवगुप्तानं सहृदय कोणाला म्हटलंय, तर काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झालाय आणि म्हणून जो समोरच्या विषयाशी तन्मय होऊ शकतो त्याला. अभ्यासानं लख्ख, हे महत्त्वाचं. राजशेखरानं प्रतिभा दोन सांगितल्या, घडवणारी ती कारयित्री आणि आस्वाद घेणारी ती भावयित्री, आणि दोन्हींना प्रतिभाच म्हटलं. खोलीतलं सगळं ज्याला जाणवतं त्याच्याकडे दुसरी उपजत भरपूर असते, पहिलीसाठी हात चालवावा लागतो. आणि मम्मटानं काव्याचं कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तिन्ही नावं घेतली पण 'हेतू' हा शब्द एकवचनात ठेवला. तिन्ही मिळून एक कारण. मला हे एकवचन चाळीस वर्षं पुरलंय.

कोरडवाहू

षड्जकाका, एकवचनाचं वाचून माझा प्रतिसाद परत वाचला. मी जबाबदारी म्हटलं ते खरंच म्हणायचं होतं, पण बोलायच्या ओघात मी स्वभावालाच दोष दिला. दारामागे, तुम्हाला ते लागलं असेल तर माफ करा.

एक विचारतो. संवेदनशील माणसाला चांगली परिस्थिती मिळाली तर त्याचं काय होतं यावर काही काम झालंय का? नेहमी त्रासाचंच ऐकतो.

अर्धविराम

झालंय. प्लूस आणि बेल्स्की यांनी हेच मांडलं की ही माणसं वाईटानं जास्त खचतात तशी चांगल्यानं जास्त फुलतात. २०१५ मध्ये प्लूस आणि बोनिवेल यांचा शाळकरी मुलींवरचा अभ्यास आला, नैराश्य टाळण्यासाठी सगळ्यांना एकच प्रशिक्षण दिलं होतं, आणि त्याचा टिकणारा फायदा जास्त संवेदनशील मुलींनाच झाला. म्हणून रेघाळनी नोकरी सोडून जागा बदलली ती मला चैन वाटत नाही.

रेघाळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. चाकावरची ताई, मी माझी भांडी कापत नव्हते. उद्यापासून वही करते. कोणताही आतला आवाज आला की तारीख घालून लिहायचं, काय वाटलं आणि पुढे काय होईल असं वाटतंय, आणि महिन्यानं बघायचं. इथे येऊन सांगीन.

रेघाळ (तीन महिन्यांनंतर)

धागा वर आणतेय. ४३ नोंदी झाल्या. बसून दोन ढीग केले.

पहिला ढीग चित्रांचा. "ही आकृती डावीकडे हवी", "हा लाल मरतोय छापल्यावर", "हा चेहरा या माणसाचा नाही". २१ नोंदी, त्यातल्या १७ छापून आल्यावर किंवा आठवड्यानं परत बघितल्यावर बरोबर निघाल्या. दुसरा ढीग माणसांचा. "संपादक नाराज आहेत", "यांना काम आवडलं नाही, सांगत नाहीयेत", "हे मला परत बोलावणार नाहीत". २२ नोंदी. जिथे विचारता आलं तिथे सरळ विचारलं. चार बरोबर. फक्त चार!

पहिल्यांदा मला वाटलं म्हणजे माणसांच्या बाबतीत मला काहीच कळत नाही. दोन दिवस वाईट गेले. मग प्रत्येक नोंद परत वाचली तेव्हा लक्षात आलं की टिपलेलं चुकलेलं नव्हतं. संपादकांचा आवाज खरंच त्या दिवशी उतरलेला होता. त्यांच्या घरी आजारपण होतं. मेसेज खरंच नेहमीपेक्षा तुटक होता, पाठवणारी प्रवासात होती. मी टिपलं बरोबर आणि अर्थ लावला तो दर वेळी एकच, माझ्यामुळे. चित्राच्या बाबतीत बारा वर्षं माझी भांडी कापली गेलीत, प्रत्येक पुस्तक छापून समोर येतं, चूक असेल तर ती पानावर दिसते. माणसांच्या बाबतीत मी कधी विचारलंच नव्हतं, मनातल्या मनात निकाल लावून मोकळी, त्यामुळे तो आवाज बारा वर्षं एकही धडा न शिकता तेवढ्याच खात्रीनं बोलत राहिला.

आता वहीत दोन रकाने आहेत. टिपलं काय, आणि लावला काय. पहिला रकाना मी देवासारखा मानते, दुसऱ्याला प्रश्न विचारते. आणि ते मोठं काम सोडलं होतं ना, ते मी वहीच्या पद्धतीनं मागे जाऊन लिहिलं. टिपलेलं एवढंच होतं की पहिल्या बैठकीत त्यांनी आधीच्या चित्रकाराचं काम टेबलावर ठेवलं होतं. बाकी सगळं मी लावलेलं.

मागचाआवाज दादा, सकाळचं पण जमतंय. अकरापर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. कच्ची रेखाटनं सकाळीच, रंग भरणं आणि मेल दुपारी. दुपारी डोकं अजून भरतं, पण आता ते चित्रानं भरलेलं असतं. काही दिवस तरी तसंही होत नाही, परवा शेजारी ड्रिल चालू होतं आणि सगळा दिवस गेला, रडू आलं, मग मी त्या दिवशी काम बंद केलं आणि दुसऱ्या दिवसावर ढकललं. आधी मी अशा दिवशी जबरदस्तीनं काढत बसायचे आणि चार दिवस घालवायचे.

चाकावरची

चार बरोबर आलेल्या होत्या त्यात काय होतं गं?

रेघाळ

ताई, हेच मी कालपासून बघतेय. चारही वेळा मी त्या माणसाबरोबर निदान तीन वर्षं काम केलेलं आहे.

मागचाआवाज

रकान्यांची कल्पना उचलतोय. आमच्याकडे दिग्दर्शक "काहीतरी खटकतंय" म्हणतात आणि मग स्वतःच कारण सांगतात, पार्श्वसंगीत वाढवा. खटकलेलं बहुतेक वेळा खरं असतं, संगीत क्वचितच असतं.

निळीशाई

वही कोरी घेतली आज. कवितेसाठी रकाने कसे पाडायचे ते कळत नाहीये, कारण तिथे लावलेलं हेच काम आहे. षड्जकाका, यावर काही सांगाल?

षड्ज

निळीशाई, कवितेत लावायला कोणीच अडवत नाही, हवं तेवढं लाव. फक्त पहिला रकाना आधी भर. गाण्यातही आलापात वाटेल तिकडे जायची मुभा असते, पण षड्ज आधी लागलेला असावा लागतो. आज काय टिपलंस ते विशेषण न वापरता पाच ओळींत लिही आणि मग वही मिटून कविता लिहायला बस. पंधरा दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून बघ, मलाही दाखव.

दारामागे

मीपण सुरू केली. समुपदेशकांकडे तीन वेळा जाऊन आले, लिहिणं जाईल का ते पहिल्याच दिवशी विचारलं, काकांनी सांगितलं होतं तसं. त्या म्हणाल्या बघू, लिहून आणत जा.

कालची नोंद इथे टाकते.

टिपलं: रात्री साडेनऊ. आतल्या खोलीचं दार जोरात लागलं. नंतर काहीच आवाज नाही.

लावलं: रागावलाय. मी दुपारी फोन उचलला नाही म्हणून.

विचारलं. खिडकी उघडी राहिली होती, वाऱ्यानं लागलं म्हणाला. झोपला होता तो, मीच उठवलं विचारायला.

मग मी परत येऊन बसले आणि बराच वेळ नुसतं ऐकत होते. पडदा आपटत होता, लांब कुठेतरी गाडी रिव्हर्स घेत होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. एका बाईची गोष्ट सुरू झालीय, ती खुर्ची सरकवणारी. दोन पानं झाली. ती कोणावर रागावलेली नाही.